तयार सीएसएस ठेवायची कुठे? क्लोजर वेब टेम्प्लेटमध्ये सास जोडतानाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका छोट्या सॉफ्टवेअर टीमकडे लायनिंगेनवर, म्हणजे क्लोजर या भाषेतले प्रकल्प बनवणाऱ्या आणि बांधणाऱ्या साधनावर, चालणारं स्वतःचं वेब टेम्प्लेट होतं. नवा प्रकल्प सुरू करायचा की एक कमांड द्यायची. रिंग या वेब लायब्ररीचा सर्व्हर, राउटिंग, सेल्मर या साधनाने भरली जाणारी एचटीएमएल पानं, डेटाबेसची जोडणी असा सगळा सांगाडा तयार मिळायचा. काही प्रकल्पांत ब्राउझरसाठी क्लोजरस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होणारं क्लोजर) होती, ती शॅडो-सीएलजेएस या साधनाने बांधली जायची. बाकीचे प्रकल्प सर्व्हरवरच पान तयार करणारे, त्यात नोडचा, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाचा, संबंध नव्हता.

टेम्प्लेटमध्ये स्टाइलसाठी एकच फाइल होती, हाताने लिहिलेली ‘स्क्रीन डॉट सीएसएस’. प्रकल्प मोठा झाला की प्रत्येक जण आपल्या पद्धतीने सास, म्हणजे जिच्यातून सीएसएस तयार होते ती सोयीची भाषा, जोडायचा. कुणी जुनं रूबी जेम वापरलं होतं, कुणी ‘सास-सी’ ही सी भाषेतली कमांड मशीनवर बसवली होती. एका प्रकल्पात तर तयार सीएसएस गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) होती, मूळ एससीएसएस, म्हणजे सासमध्ये लिहिलेली, फाइल मात्र एकाच मशीनवर राहिलेली. त्या सीएसएसमधून उलट एससीएसएस लिहून काढावी लागली, तेव्हा टीमने ठरवलं की ही सोय टेम्प्लेटमध्येच असायला हवी. प्रकल्प तयार करताना ‘+सास’ असा पर्याय दिला की सगळं जागच्या जागी मिळावं, आणि पर्याय दिला नाही तर आधीचं काहीही बिघडू नये, एवढी अपेक्षा होती.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला सगळी चर्चा ‘कोणता प्रीप्रोसेसर’ (सीएसएस तयार करून देणारं सासारखं साधन) यावर झाली. ते स्वाभाविक आहे, पण या कामातला बराचसा त्रास तिथून आलाच नाही. सासची फाइल मूळ, सीएसएस तिच्यातून तयार झालेली. तयार झालेल्या फाइलला राहायला जागा लागते, तिथून रिंगला ती उचलता यावी लागते, जारमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चढवायच्या बांधलेल्या फाइलीत, ती जावी लागते, गिटमध्ये ती जाऊ नये, आणि लायनिंगेनची ‘क्लीन’ कमांड दिल्यावर तीच पुसली जावी, दुसरं काही नाही. या पाच अटी एकाच वेळी पाळणारी जागा शोधताना टीमने दोनदा चूक केली. टेम्प्लेटमधली चूक एका प्रकल्पापुरती राहत नाही, त्यातून निघालेल्या प्रत्येक प्रकल्पात ती जाते. म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहिला आहे.

विचारात घेतलेले पर्याय

रूबी सास लगेच बाद झालं. त्याची अधिकृत देखभाल मार्च २०१९ मध्येच थांबली.

‘सास-सी’ ही कमांड आणि तिला लायनिंगेनमधून हाक मारणारा प्लगइन हा क्लोजरवाल्यांच्या ओळखीचा रस्ता आहे. ल्युमिनस या प्रसिद्ध टेम्प्लेटमध्येही तशा नावाचा पर्याय होता. वेगाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. मात्र तिच्या मुळाशी लिबसास ही लायब्ररी आहे, आणि सासच्या मूळ टीमने ऑक्टोबर २०२० मध्ये लिबसास कालबाह्य ठरवलं. ‘@यूज’ने फाइली जोडण्याची मॉड्यूल पद्धत डार्ट सासमध्ये, म्हणजे सासच्या आजच्या मुख्य साधनात, २०१९ पासून आहे, लिबसासमध्ये ती कधीच आली नाही. नव्या टेम्प्लेटचा पाया त्यावर घालणं म्हणजे पहिल्या दिवसापासून उसनवारी.

‘सास-फोर-सीएलजे’ या क्लोजर लायब्ररीचा मोह सर्वांत मोठा होता. सगळं जेव्हीएममध्येच (क्लोजर ज्यावर चालतं त्या जावाच्या यंत्रणेत) होतं, नोड नको, वेगळी कमांड नको, वेबजारमधल्या (जार म्हणून मिळणाऱ्या ब्राउझर लायब्ररींमधल्या) फाइलीही थेट आयात करता येतात. पण हाही आतून जेसास या जावा लायब्ररीमार्फत लिबसासलाच हाक मारतो. शिवाय लिबसास ही नेटिव्ह, म्हणजे ठरावीक प्रोसेसरसाठी बांधलेली, लायब्ररी आहे. एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर एआरएमसाठीचा जेडीके (जावाचा संच) असेल तर इंटेलसाठी बांधलेली नेटिव्ह लायब्ररी त्यात लोड होत नाही. टीममध्ये अशी दोन मशीन होती. त्यांच्यावर इंटेलचा जेडीके बसवून काम भागलं असतं, पण स्टाइलच्या फाइलीसाठी कुणाचा जेडीके बदलायला लावणं योग्य नव्हतं.

लेस या दुसऱ्या प्रीप्रोसेसरचाही विचार झाला. लेस-फोर-जे शुद्ध जावामध्ये आहे, त्यामुळे नेटिव्ह लायब्ररीची कटकट नाही. जुन्या काही प्लगइनांची गोष्ट वेगळी. ते जेव्हीएमच्या आत जावास्क्रिप्ट चालवून लेसचं काम करायचे, आणि जेडीकेमधलं नॅशॉर्न इंजिन आवृत्ती १५ मध्ये काढून टाकलं गेलं. लेस-फोर-जे चाललं असतं, पण टीमकडच्या सगळ्या जुन्या फाइली एससीएसएसमध्ये होत्या.

गार्डन या क्लोजर लायब्ररीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. गार्डनमध्ये स्टाइल ही क्लोजरच्या व्हेक्टर आणि मॅपमध्ये लिहिली जाते. रंगाचं गणित, फंक्शन, नेमस्पेस सगळं क्लोजरचंच. बाहेरचं एकही साधन लागत नाही. ज्या टीममध्ये स्टाइल लिहिणारे आणि सर्व्हर लिहिणारे तेच लोक आहेत, तिथे गार्डन हा अतिशय चांगला पर्याय आहे. इथे डिझाइन करणाऱ्या ताई सीएसएसमध्ये पारंगत होत्या, क्लोजर त्यांना येत नव्हतं. त्यांनी ब्राउझरमध्ये तपासून पाहिलेला नियम जसाच्या तसा फाइलीत चिकटवता यायला हवा, ही अट गार्डन पाळू शकत नव्हतं.

प्रीप्रोसेसर नकोच, हा पर्याय सर्वांत शेवटी मांडला गेला. तो आधी मांडायला हवा होता. सीएसएसमध्ये आता व्हेरिएबल आहेत, आणि २०२३ पासून मुख्य ब्राउझरांत नेस्टिंगही (नियमाच्या आत नियम) आहे. दहा-बारा पानांच्या प्रकल्पाला एवढं पुरतं. पुरत नाही ते दोन ठिकाणी: मीडिया क्वेरीच्या (पडद्याच्या आकारानुसार नियम बदलण्याच्या) अटीत सीएसएस व्हेरिएबल चालत नाही, आणि फाइलींचे तुकडे करून एकच फाइल पाठवायची तर काहीतरी बांधणी लागतेच. म्हणून ‘+सास’ हा पर्यायच राहिला, मूळ टेम्प्लेट साध्या सीएसएसचंच ठेवलं.

निवड झाली ती डार्ट सासची, एनपीएम या नोडच्या पॅकेज साधनामार्फत. क्लोजरस्क्रिप्टच्या प्रकल्पांत पॅकेज डॉट जेसन (पॅकेजांच्या यादीची फाइल) आधीच होती, तिथे एक ओळ वाढली. ज्या प्रकल्पांत नोड नव्हतं तिथे ते आलं, आणि बिल्डच्या कंटेनरमध्ये जेडीकेसोबत नोडही बसवावं लागलं. ही किंमत टीमने समजून-उमजून मोजली. डार्ट सासची नोडशिवाय चालणारी स्वतंत्र कमांडही मिळते, पण प्रत्येक मशीनवर कोणती आवृत्ती आहे हे मग कुणाच्याच हाती राहत नाही. पॅकेज डॉट जेसनमध्ये आवृत्ती नेमकी लिहिता येते.

टेम्प्लेटमधले बदल

लायनिंगेनच्या टेम्प्लेटमध्ये एक क्लोजर फंक्शन असतं. त्याला प्रकल्पाचं नाव आणि पुढचे सगळे शब्द मिळतात. त्या शब्दांत ‘+सास’ आहे का ते पाहायचं आणि त्यानुसार फाइलींची यादी वाढवायची. इथे एक छोटी पण महत्त्वाची काळजी घेतली गेली: ओळखीचा नसलेला पर्याय आला तर फंक्शन तिथेच थांबतं आणि चालणाऱ्या पर्यायांची यादी दाखवतं. नाहीतर ‘+सस’ असं चुकून टाइप झालं तर प्रकल्प बिनतक्रार तयार होतो, फक्त सासशिवाय.

फाइली मस्टॅशच्या नियमाने भरल्या जातात, म्हणजे दोन महिरपी कंसांत लिहिलेल्या नावाच्या जागी किंमत येते. रेंडर करणाऱ्या फंक्शनला डेटा दिला तर फाइल मस्टॅशमधून जाते, डेटा दिलाच नाही तर ती जशीच्या तशी उतरवली जाते. सेल्मरची पानं आजवर डेटाशिवाय उतरत होती, कारण सेल्मरही स्वतःसाठी तेच दोन महिरपी कंस वापरतं. सास असेल तर वेगळा लिंक टॅग टाकायचा म्हणून पहिल्या आवृत्तीत त्या पानाला डेटा दिला गेला. त्याबरोबर पानाचं शीर्षक, वापरकर्त्याचं नाव, सगळे सेल्मरचे टॅग मस्टॅशने स्वतःचे समजून गिळले. मस्टॅशला नाव सापडलं नाही तर तो तक्रार करत नाही, रिकामी जागा ठेवतो. तयार प्रकल्प चालू होत होता, पानंही दिसत होती, फक्त त्यांत मजकूर नव्हता.

यावर दोन उपाय होते. एक, फाइलीच्या पहिल्या ओळीत मस्टॅशला त्याची खूण बदलायला सांगायचं, म्हणजे महिरपी कंसांऐवजी दुहेरी कोनी कंस. दुसरा, पानात अट ठेवायचीच नाही. सास असो वा नसो, पत्ता एकच: ‘/सीएसएस/स्क्रीन डॉट सीएसएस’. टीमने दुसरा उपाय घेतला. एचटीएमएलला सास आहे की नाही हे कळण्याची गरजच उरली नाही, आणि नंतर एखाद्या साध्या प्रकल्पात सास जोडताना पानांना हात लावावा लागला नाही.

असाच धोका क्लोजरच्या फाइलींतही असतो. हँडलरमध्ये (मागणीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) नेस्टेड डीस्ट्रक्चरिंग, म्हणजे मॅपच्या आतल्या मॅपमधून किंमती काढणं, लिहिलं की दोन महिरपी कंस लागोपाठ उघडतात आणि मस्टॅश तिथे टॅग शोधतो. दोन कंसांमध्ये एक मोकळी जागा सोडली की क्लोजरला फरक पडत नाही आणि मस्टॅश शांत राहतो. एससीएसएसमधलं इंटरपोलेशन (मजकुरात किंमत भरणं) हॅश आणि एकाच कंसाने सुरू होतं, त्यामुळे तिथे टक्कर नाही. तरी त्या फाइली डेटाशिवायच उतरवल्या, कारण त्यांत भरण्यासारखं काही नव्हतं.

पॅकेज डॉट जेसनमध्ये प्रकल्पाचं नाव घालण्याचा मोह टाळला. क्लोजर प्रकल्पाच्या नावात गटाचं नाव आणि तिरपी रेघ येऊ शकते, एनपीएमला तसं नाव चालत नाही. नाव वगळलं आणि ‘प्रायव्हेट’ खरं ठेवलं की प्रश्न मिटतो. पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदणारी लॉक फाइलही टेम्प्लेटमध्येच दिली; ती नसेल तर तिच्यावरून पॅकेजं बसवणारं ‘एनपीएम सीआय’ नव्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी अडतं.

स्टाइलच्या तीन फाइली दिल्या. ‘_सेटिंग्ज’मध्ये रंग, अंतरं, अक्षराचे आकार, सगळे ‘!डीफॉल्ट’ लावून, म्हणजे बाहेरून बदलता येतील असे. ‘_बेस’मध्ये मूळ घटकांचे नियम. ‘स्क्रीन’ या दोन्हींना ‘@यूज’ने जोडते. नावाआधी अधोरेषा असली की ती अर्धी फाइल समजली जाते आणि तिची वेगळी सीएसएस बनत नाही. ‘@यूज … विथ’ने रंग बदलायचे असतील तर ती ओळ सेटिंग्ज पहिल्यांदा लोड होतात तिथेच हवी. ‘स्क्रीन’मध्ये आधी ‘_बेस’ जोडली, तिने आतून सेटिंग्ज लोड केल्या, आणि मग खाली ‘विथ’ लिहिलं, तर मॉड्यूल आधीच लोड झालं आहे अशी चूक येते. टेम्प्लेटमध्ये सेटिंग्जची ओळ सर्वांत वर ठेवली आणि तिथेच तशी टीप लिहिली.

‘_बेस’मध्ये ओळींमधलं अंतर १.६ ठेवलं, कारण टीमचे बरेच फॉर्म मराठीत असतात. इंग्रजीसाठी नेहमीचं १.२ ठेवून वर ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावलं की बटणांवरच्या अक्षरांच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, आणि उकार खालून.

एससीएसएसच्या फाइली ‘एसआरसी’ खालीच पण क्लोजरच्या सोर्स पाथच्या (कोड जिथे शोधला जातो त्या डिरेक्टरीच्या) बाहेर, वेगळ्या डिरेक्टरीत ठेवल्या. सोर्स पाथ नुसता ‘एसआरसी’ असेल तर त्याखालचं सगळं जारमध्ये जातं, म्हणून तो ‘एसआरसी/सीएलजे’ असा नेमका केला. ‘पब्लिक’खाली तर त्या ठेवायच्याच नाहीत, तिथलं सगळं जगाला उघडं असतं.

पहिली जागा: टार्गेट

तयार सीएसएस कुठे ठेवायची, याचं पहिलं उत्तर पुस्तकी होतं. बांधणीतून निघालेलं सगळं टार्गेट डिरेक्टरीत जावं. म्हणून ‘टार्गेट/रिसोर्सेस’ हा दुसरा रिसोर्स पाथ (कोड सोडून इतर फाइली जिथे शोधल्या जातात ती डिरेक्टरी) जोडला, सासला तिथे ‘पब्लिक/सीएसएस’मध्ये लिहायला सांगितलं. गिटमध्ये टार्गेट आधीच वगळलेलं, ‘क्लीन’ तेच पुसतं. वरवर पाहता पाचही अटी पाळल्या गेल्या.

पहिला फटका बिल्ड सर्व्हरवर बसला. तिथल्या स्क्रिप्टमध्ये आधी सास आणि मग अबरजार (सगळ्या लायब्ररींसह एकच जार) असा क्रम होता. जार तयार झाली, चाचण्या पास झाल्या, पान उघडलं तर स्टाइलच नाही. कारण लायनिंगेन जार बनवण्याआधी स्वतःहून ‘क्लीन’ करतं. ‘:ऑटो-क्लीन’ हा पर्याय मुळात चालू असतो, जुन्या कंपाइल केलेल्या फाइली जारमध्ये घुसू नयेत म्हणून. नुकतीच बनवलेली सीएसएस त्यातच गेली. तो पर्याय बंद करणं हा सोपा पण वाईट उपाय होता. योग्य उपाय म्हणजे सासला अबरजार प्रोफाइलच्या ‘:प्रेप-टास्क्स’मध्ये घालणं. हे टास्क क्लीननंतर आणि जार बांधण्याआधी चालतात. ते अबरजार प्रोफाइलमध्येच हवेत. वरच्या पातळीवर लिहिले तर रन, टेस्ट, रेपल, प्रत्येक वेळी सास चालतं आणि प्रत्येक कमांड मंदावते.

दुसरा फटका शोधायला पूर्ण दिवस गेला. एका नव्या सहकाऱ्याने प्रकल्प क्लोन केला, एका टर्मिनलमध्ये सर्व्हर सुरू केला, दुसऱ्यात सासचा वॉच, म्हणजे फाइल बदलली की सीएसएस पुन्हा बनवणारी कमांड. सीएसएस फाइल डिस्कवर दिसत होती, ब्राउझरला मात्र ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की ठीक. दुसऱ्या दिवशी क्लीननंतर पुन्हा तेच.

कारण जेव्हीएमच्या क्लासपाथमध्ये, म्हणजे फाइली शोधायच्या पत्त्यांच्या यादीत, आहे. सुरू होताना जेव्हीएम क्लासपाथवरच्या प्रत्येक पत्त्याकडे पाहतं आणि ती डिरेक्टरी आहे की जार, हे त्याच वेळी ठरवतं. ‘टार्गेट/रिसोर्सेस’ त्या क्षणी अस्तित्वातच नसेल तर ती डिरेक्टरी म्हणून नोंदली जात नाही. नंतर सासने ती तयार केली तरी चालू असलेल्या जेव्हीएमला तिचा पत्ता नसतो. पाथवरची मुळाची डिरेक्टरी आधीपासून असेल, तर तिच्या आत नंतर आलेल्या डिरेक्टऱ्या आणि फाइली मात्र बिनबोभाट सापडतात. पुढचा सगळा निर्णय या एका वाक्यावर उभा राहिला.

दुसरी जागा: थेट रिसोर्सेसमध्ये

दुसरा प्रयत्न साधा होता. ‘रिसोर्सेस’ ही डिरेक्टरी नेहमीच असते, तर सीएसएस थेट ‘रिसोर्सेस/पब्लिक/सीएसएस’मध्येच लिहावी. ४०४ गेला. पण जुनी सीएसएस आणि सोर्स मॅपच्या (तयार ओळ मूळ ओळीशी जोडणाऱ्या) फाइली तिथे साचू लागल्या आणि जारमध्येही जाऊ लागल्या. म्हणून ती डिरेक्टरी ‘:क्लीन-टार्गेट्स’मध्ये घातली. लायनिंगेनने नकार दिला: रिसोर्स पाथच्या आतली जागा ते मुळात पुसू देत नाही. त्यावर ‘:प्रोटेक्ट’ला ‘फॉल्स’ देऊन हे संरक्षण बंद केलं गेलं. आणि गिटमधून ती पूर्ण डिरेक्टरी वगळली.

चूक झाली ती इथे. लायनिंगेनचा नकार हा अडथळा नव्हता, इशारा होता.

टेम्प्लेटची ही आवृत्ती वापरून निघालेल्या एका प्रकल्पात, पावत्या छापण्यासाठी एका सहकाऱ्याने हाताने ‘प्रिंट डॉट सीएसएस’ लिहिली आणि नाव पाहून सरळ त्याच डिरेक्टरीत ठेवली. स्टाइलची फाइल सीएसएसच्या डिरेक्टरीत, यात त्याचं काहीच चुकलं नाही. डिरेक्टरीच वगळलेली असल्याने गिटने ती नवी फाइल म्हणून दाखवलीच नाही. संध्याकाळी त्याने तपासणीसाठी अबरजार बनवली. ऑटो-क्लीनने डिरेक्टरी पुसली, सासने फक्त ‘स्क्रीन’ पुन्हा बनवली. ‘प्रिंट’ ना डिस्कवर, ना गिटमध्ये. संपादकाच्या स्थानिक इतिहासातून बराचसा भाग परत मिळाला, उरलेला पुन्हा लिहावा लागला. त्याने ‘क्लीन’ ही कमांड दिलीसुद्धा नव्हती.

तिसरी जागा

शेवटी मुळाचीच वेगळी डिरेक्टरी केली: ‘जनरेटेड’. रिसोर्स पाथ दोन, ‘रिसोर्सेस’ आणि ‘जनरेटेड’. सास लिहितं ‘जनरेटेड/पब्लिक/सीएसएस’मध्ये. रिंग ‘पब्लिक’ हे क्लासपाथवर शोधतं, त्यामुळे ब्राउझरमधला पत्ता तोच राहिला. क्लीन पुसतं ते फक्त ‘जनरेटेड/पब्लिक’, गिटही तेवढंच वगळतं. त्यासाठी ‘:प्रोटेक्ट’ बंद करावंच लागलं, पण आता त्या जागेत हाताने लिहिलेली फाइल कुणी ठेवेल अशी शक्यता नावानेच कमी झाली. हाताने लिहिलेलं ‘रिसोर्सेस’मध्ये, सासने बनवलेलं ‘जनरेटेड’मध्ये.

मुळाची डिरेक्टरी जेव्हीएम सुरू होताना हवी, म्हणून तिच्यात रिकामी ‘डॉट गिटकीप’ फाइल टेम्प्लेटनेच घालून दिली. लायनिंगेनच्या टेम्प्लेटला फाइलींच्या यादीत नुसतं डिरेक्टरीचं नाव दिलं तरी ते रिकामी डिरेक्टरी बनवतं, आणि आधी तसंच केलं होतं. प्रकल्प तयार करणाऱ्याच्या मशीनवर सगळं चाललं. गिट रिकामी डिरेक्टरी ठेवत नाही, त्यामुळे क्लोन करणाऱ्याकडे तोच जुना ४०४ परत आला असता. हे मात्र तपासणीतच सापडलं.

बांधणी आणि तिच्यातल्या खाचा

प्रेप-टास्कमधून एनपीएमला हाक मारण्यासाठी लेन-शेल हा प्लगइन घेतला. विंडोजवर एनपीएम ही खरी एक्झी नसून ‘एनपीएम डॉट सीएमडी’ ही स्क्रिप्ट असते, त्यामुळे नुसतं ‘एनपीएम’ म्हटलं तर जावाला ते सापडत नाही. लेन-शेलमध्ये प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी कमांड सांगायची सोय आहे. विंडोजसाठी ‘सीएमडी’, ‘/सी’, ‘एनपीएम’ असे तीन शब्द दिले.

विकासाच्या वेळी सास ‘--वॉच’ आणि ‘--एम्बेड-सोर्सेस’ने चालतं. दुसरा पर्याय नसेल तर सोर्स मॅप मूळ एससीएसएसकडे बोट दाखवते, ती फाइल सर्व्हर देत नाही, आणि ब्राउझरला मूळ ओळ दाखवता येत नाही. शॅडो-सीएलजेएसच्या ‘:वॉच-डिर’ला ‘जनरेटेड/पब्लिक’ दिलं, त्याआतली सीएसएस डिरेक्टरी नव्हे. फाइलीचा पत्ता या डिरेक्टरीपासून मोजून लिंक टॅगमधल्या पत्त्याशी जुळवला जातो. एक पायरी खाली गेलात तर शॅडो-सीएलजेएसला बदल दिसतो पण पान ताजं होत नाही.

प्रत्यक्ष बांधणीत ‘--स्टाइल=कॉम्प्रेस्ड’, ‘--नो-सोर्स-मॅप’, ‘--नो-एरर-सीएसएस’ आणि ‘--नो-चारसेट’. शेवटचे दोन अनुभवातून आले.

डार्ट सासला एससीएसएसमध्ये चूक सापडली तर ते मुळात थांबतं आणि ६५ हा एक्झिट कोड (कमांड कशी संपली हे सांगणारा आकडा) देतं. पण त्याच वेळी तयार फाइलीच्या जागी एक सीएसएसही लिहितं, जिच्यामुळे चुकीचा मजकूर पानाच्या माथ्यावर दिसतो. विकासात हे फार सोयीचं आहे. टेम्प्लेटच्या एका आवृत्तीत लेन-शेलला एक्झिट कोड दुर्लक्षित करायला सांगितलेलं राहिलं होतं. वॉच बंद करताना येणारी चूक दिसू नये म्हणून कुणीतरी ते लावलं होतं. परिणामी चुकीची सीएसएस असलेली जार चाचणी सर्व्हरपर्यंत पोचली. ते दुर्लक्ष काढलं आणि वर एरर-सीएसएसही बंद केली.

चारसेटची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एका मराठी फॉर्ममध्ये अनिवार्य रकान्यांपुढे ‘आवश्यक’ हा शब्द सीएसएसच्या ‘कंटेंट’मधून येत होता. तयार सीएसएसमध्ये आस्कीबाहेरचं (मूळ इंग्रजी अक्षरं-चिन्हांपलीकडचं) अक्षर आलं की डार्ट सास एन्कोडिंगची खूण घालतं. मोकळ्या शैलीत ती ‘@चारसेट’ची ओळ असते, डोळ्यांना दिसते. कॉम्प्रेस्ड शैलीत तिच्या जागी फाइलीच्या सुरुवातीला बॉम नावाचं एक अदृश्य अक्षर येतं. एकटी फाइल पाठवली तर ब्राउझर ते ओळखून बाजूला ठेवतो. पण या प्रकल्पाच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये कॅलेंडरची सीएसएस आधी आणि ‘स्क्रीन’ नंतर अशा दोन फाइली जोडल्या जात होत्या. बॉम मधोमध आलं. सीएसएसच्या नियमांनुसार मधलं बॉम हे नावातलं वैध अक्षर ठरतं, आणि ‘स्क्रीन’चा पहिला नियम होता ‘:रूट’. तो ‘बॉम नावाचा घटक, जो रूट आहे’ असा वाचला गेला. असा घटक कुठेच नाही. त्या एका नियमात सगळे रंग व्हेरिएबल म्हणून ठेवले होते, ते सगळे गेले. संपादकात फाइल उघडली तर सगळं बरोबर दिसत होतं. हेक्समध्ये, म्हणजे बाइटांच्या आकड्यांत, पाहिल्यावर ‘ईएफ बीबी बीएफ’ हे तीन बाइट सापडले. विकासातल्या मोकळ्या शैलीत हे कधीच घडलं नसतं, म्हणून कुणाच्या मशीनवर ते दिसलं नाही.

‘--नो-चारसेट’ दिल्यावर एन्कोडिंग सांगण्याची जबाबदारी सर्व्हरवर येते. रिंग-डीफॉल्ट्समध्ये मजकुराच्या उत्तरांना यूटीएफ-८ जोडण्याची सोय आहे, ती चालू असल्याची खात्री केली. एचटीएमएल यूटीएफ-८ असेल तर तिने जोडलेली सीएसएस, वेगळं काही सांगितलं नसल्यास, तसंही तेच एन्कोडिंग घेते.

निष्पत्ती

‘+सास’ आता टेम्प्लेटचा भाग आहे. टेम्प्लेटसाठीच एक तपासणी लिहिली गेली. पर्यायांच्या प्रत्येक जुळणीसाठी तात्पुरत्या डिरेक्टरीत प्रकल्प बनवायचा, तो गिटमध्ये टाकून दुसरीकडे क्लोन करायचा, क्लोनमध्ये अबरजार बांधायची आणि जारमध्ये ‘पब्लिक/सीएसएस/स्क्रीन डॉट सीएसएस’ आहे का, ती रिकामी नाही ना, तिचे पहिले तीन बाइट बॉमचे नाहीत ना, हे पाहायचं. तीन पर्याय आहेत, म्हणजे आठ जुळण्या. तपासणी हळू आहे आणि रात्री चालते. नवी आवृत्ती स्थानिक बसवून पाहताना ‘--स्नॅपशॉट’ द्यायला विसरलं तर लायनिंगेन जुनीच प्रसिद्ध आवृत्ती उचलतं. हा घोळ दोनदा झाल्यावर तेही तपासणीच्या स्क्रिप्टमध्येच लिहून टाकलं.

जुन्या प्रकल्पांचं स्थलांतर अजून अर्धवट आहे. जुन्या एससीएसएसमध्ये भागाकारासाठी तिरपी रेघ आणि ‘@इम्पोर्ट’ आहे. डार्ट सास त्यावर चालतं, पण इशाऱ्यांची रांग लावतं. बाहेरच्या पॅकेजमधले इशारे ‘--क्वाएट-डेप्स’ने गप्प केले, स्वतःचे मुद्दाम तसेच ठेवले.

वेगळं काय करता आलं असतं

पाच अटींची यादी पहिल्याच दिवशी लिहून प्रत्येक जागा तिच्याशी ताडून पाहिली असती, तर टार्गेटचा प्रयोग कागदावरच संपला असता. रिसोर्सेसचा मात्र कदाचित नसता. त्या जागेचा दोष वाचून कळत नाही, एखादा माणूस तिथे फाइल ठेवतो तेव्हाच कळतो. म्हणून टेम्प्लेटची नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी एका सहकाऱ्याला, काहीही न सांगता, त्यात एक स्टाइल फाइल वाढवायला सांगायला हवं होतं. तो ती कुठे ठेवतो एवढंच पाहायचं.

‘प्रीप्रोसेसर नको’ हा पर्याय आधी मांडला असता तर कामाचा आवाका लहान राहिला असता. टेम्प्लेटमधून नंतर निघालेल्या निम्म्याहून अधिक प्रकल्पांनी ‘+सास’ घेतलं नाही, आणि त्यांचं अडलं नाही.

‘:प्रोटेक्ट’ला ‘फॉल्स’ देणारी ओळ लिहिताना तिच्यावर कारण लिहिलं गेलं नव्हतं. आता त्या ओळीवर टीप आहे: ‘इथे हाताने लिहिलेली एकही फाइल ठेवू नका, अबरजार बनवताना ही डिरेक्टरी पुसली जाते.’ हीच टीप ‘जनरेटेड’मधल्या एका रीडमी फाइलीतही आहे, कारण तिथे फाइल ठेवणारा माणूस प्रोजेक्ट डॉट सीएलजे (लायनिंगेनची सेटिंगची फाइल) उघडून पाहत नाही.